महिन्याला ३,००० किमी आणि निम्मा रस्ता खड्ड्यांचा: जुन्या गाडीच्या जागी कोणती घ्यावी?

"बजेट आठ-नऊ लाख आहे, कोणती गाडी घेऊ?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि उत्तरात लोक लगेच मॉडेलची नावं सांगायला लागतात. पण गाडीवर ज्याचं पोट चालतं, त्याच्यासाठी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवावा लागतो.

एक खरं उदाहरण घेऊ. आमच्या तारोडीतले एक दादा प्राथमिक आरोग्य केंद्रांमधली मशिन्स दुरुस्त करतात. आठवड्यातले तीन-चार दिवस मुर्धा-राई करत भाईंदर, तिथून काशिमिरा, मग महामार्गाने मनोर आणि पुढे विक्रमगड-जव्हारकडे. जाऊन-येऊन २०० किमीच्या वर, महिन्याला सरासरी ३,०००. कंपनी त्यांना किलोमीटरमागे ठरलेला भत्ता देते. म्हणजे गाडीचा खर्च भत्त्याच्या खाली राहिला तर पैसा घरात येतो, वर गेला तर पगारातून जातो. आणि गाडी बंद पडली तर त्या दिवसाचं कामच बुडतं.

अशा वापरात गाडीची किंमत हा मोठा आकडा नसतो. मोठा आकडा असतो किलोमीटरची किंमत. तोच आधी काढू.

पायरी १: कंपनीचं ॲव्हरेज खऱ्या रस्त्यावर आणा

जाहिरातीतला ॲव्हरेजचा आकडा पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीतून येतो. गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या पद्धतीने चालवतात. आपल्याकडे वापरलं जाणारं चक्र ११८० सेकंदांचं आहे, त्यात कमाल वेग ताशी ९० किमी. एसी बंद. खड्डा नाही, घाट नाही, मागच्या सीटवर चार माणसं नाहीत.

म्हणून मी ढोबळ नियम वापरतो: जाहीर आकड्याचे ७५ टक्के धरायचे. मारुती वॅगनआर १.० पेट्रोलचा जाहीर आकडा २४.३५ किमी प्रति लिटर आहे, म्हणजे हाती साधारण १८. त्याच इंजिनाच्या सीएनजी गाडीचा ३४.०५ किमी प्रति किलो, म्हणजे हाती साधारण २५. तुमची जुनी गाडी अजून चालू असेल तर टाकी फुल ते टाकी फुल असं तीनदा मोजा आणि तुमचा स्वतःचा टक्का काढा. तो माझ्या ७५ पेक्षा जास्त खरा.

पायरी २: किलोमीटरमागे इंधन

हिशेबासाठी मुंबई परिसरातले अंदाजे भाव धरलेत. तुमच्या पंपावरचे भाव टाकून आकडे बदलून घ्या.

- पेट्रोल: १०४ रुपये लिटर, १८ किमी. किलोमीटरला ५.७८ रुपये, महिन्याला सुमारे १७,३००.
- डिझेल: ९० रुपये लिटर, २० किमी. किलोमीटरला ४.५० रुपये, महिन्याला १३,५००.
- सीएनजी: ८० रुपये किलो, २५ किमी. किलोमीटरला ३.२० रुपये, महिन्याला ९,६००.
- ईव्ही, घरी चार्जिंग: १० रुपये युनिट, ६.५ किमी. किलोमीटरला सुमारे १.५४ रुपये, महिन्याला ४,६००.
- ईव्ही, रस्त्यावरचा फास्ट चार्जर: २२ रुपये युनिट. किलोमीटरला सुमारे ३.४० रुपये, महिन्याला १०,०००च्या वर.

शेवटच्या दोन ओळी नीट बघा. ईव्ही स्वस्त पडते ती घरी चार्ज केली तर. रोज फास्ट चार्जरवर अवलंबून राहिलात तर ती सीएनजीच्या बरोबरीलाच येते.

आता सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा साधारण ९५,००० रुपयांनी महाग धरू. दादांची महिन्याची बचत ७,७००, म्हणजे वर्षभरात हा फरक वसूल. महिन्याला फक्त ६०० किमी चालवणाऱ्याला तोच फरक भरून निघायला पाच वर्षं लागतात. त्यामुळे शेजाऱ्याने सीएनजी घेतली म्हणून तुम्हीही घ्यावी असं अजिबात नाही. आधी आपले किलोमीटर मोजा.

करातही फरक आहे. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी गाडीला एकरकमी कर सीएनजीसाठी ८ टक्के, पेट्रोलसाठी ११ आणि डिझेलसाठी १३ टक्के आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवर जीएसटी १८ टक्क्यांवर आला. या बजेटमधली जवळपास प्रत्येक छोटी गाडी त्यात बसते.

पायरी ३: इंधन तुमच्या रस्त्यावर मिळतं का?

कागदावर जिंकलेली गाडी रस्त्यावर हरू शकते.

सीएनजीच्या ६० लिटरच्या टाकीत साधारण ८ ते ९ किलो गॅस बसतो. २५ च्या ॲव्हरेजने २०० ते २२५ किमी. म्हणजे दादांना जवळपास रोज एकदा भरावाच लागणार, तोही महामार्ग सोडण्याआधी. इथे पंपांमधला फरक माहीत हवा. काही पंप थेट पाइपलाइनवर असतात. काही पंपांवर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ट्रकमधला साठा कमी होत गेला की दाब उतरतो आणि तुमची टाकी अर्धवट भरते. मीटर "फुल" दाखवून थांबतं, पण किलो कमी असतात. म्हणून पावतीवर किलो बघायची सवय लावा आणि दाब चांगला देणारे दोन पंप हेरून ठेवा.

पाइपलाइनवरचे पंपही कधीतरी बंद पडतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत आरसीएफच्या आवारात गेलच्या गॅसवाहिनीला इजा झाली आणि मुंबई-ठाण्यात अनेक पंपांवर सीएनजी मिळेना. त्या दिवसांत कंपनी-फिटेड गाड्या पेट्रोलवर चालल्या, कारण त्यांना पेट्रोलची पूर्ण टाकीही असते. दुर्गम भागात जाणाऱ्याने ती निम्मी तरी भरलेली ठेवावी.

ईव्हीचं गणित: २५ युनिटच्या बॅटरीत ६.५ ने १६० किमीच्या आसपास. दादांची फेरीच होत नाही. ३५ युनिटमध्ये सव्वादोनशे, म्हणजे काठावर. त्यात घाट, एसी आणि तालुक्याला वीज गेली तर? शिवाय महिन्याला ३,००० किमीसाठी ४६० युनिट लागतात. घरच्याच मीटरवर लावले तर बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, म्हणून वेगळ्या ईव्ही मीटरची चौकशी आधी करा. हक्काचं पार्किंग आणि रोजची १२०-१३० किमीची ठरलेली फेरी असेल, तर मात्र ईव्हीला तोड नाही.

घाटात गाडी का ओढत नाही?

सीएनजीबद्दलची ही तक्रार खरी आहे. गॅस इंजिनात शिरतो तेव्हा हवेची जागा व्यापतो. हवा कमी म्हणजे जाळण्यासाठी ऑक्सिजन कमी. वॅगनआरचं १.० इंजिन पेट्रोलवर सुमारे ६७ पीएस देतं, सीएनजीवर ५७. जव्हारचा चढ चार माणसं घेऊन चढताना हे जाणवतंच. उपाय साधा: चढ सुरू होण्याआधी गिअर उतरवा, नाहीतर तेवढ्यापुरतं बटण दाबून पेट्रोलवर या.

पायरी ४: खड्ड्यांसाठी टायर वाचायला शिका

ग्राउंड क्लिअरन्स सगळे बघतात आणि बघायलाच हवा. डिझायरचा १६३ मिमी, एक्स्टरचा १८५, पंचचा १८७. कमी उंचीच्या गाडीचा चेंबर एकदा दगडावर फुटला की सगळी बचत तिथेच जाते.

पण टायरवरचे आकडे फारसं कुणी वाचत नाही. डिझायरच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४ टायर येतो, वरच्याला १८५/६५ आर१५. पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच. १६५ चे ८० टक्के १३२ मिमी, १८५ चे ६५ टक्के १२० मिमी. स्वस्त व्हेरिएंटच्या टायरमध्ये रबराची भिंत १२ मिमी जास्त, म्हणजे खड्ड्याचा मार झेलायला जास्त उशी. वर त्याची डिस्क लोखंडी असते. ती वाकली तर गावातला टायरवाला ठोकून सरळ करतो. अलॉयला तडा गेला की बदलावाच लागतो. खेड्यातल्या रस्त्यासाठी खालचा व्हेरिएंट नुसता स्वस्त नाही, जास्त टिकाऊ आहे.

स्टेपनीही तपासा. काही सीएनजी मॉडेलमध्ये सिलिंडरला जागा करण्यासाठी स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चर किट देतात. मोखाड्याच्या रस्त्यावर संध्याकाळी टायरची भिंत फाटली तर त्या किटचा उपयोग शून्य.

वॅगनआर की पंच?

दादांच्या यादीत शेवटी या दोन सीएनजी गाड्या उरल्या. पंचचा जाहीर आकडा २६.९९ किमी प्रति किलो, आपल्या नियमाने हाती २०. किलोमीटरला ४ रुपये, म्हणजे वॅगनआरपेक्षा महिन्याला २,४०० रुपये जास्त. बदल्यात उंची मिळते आणि दोन छोटे सिलिंडर खाली बसवल्यामुळे अवजारांच्या पेटीला २१० लिटरची डिकी मिळते.

आणखी एक गोष्ट पैशात मोजता येत नाही. २०२३ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत वॅगनआरला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता, २०२१ मध्ये पेट्रोल पंचला पाच. वॅगनआरला नंतर सहा एअरबॅग आल्या हेही खरं. पण रोज ट्रकांच्या सोबत महामार्गावर तास-दोन तास काढणाऱ्याने २,४०० रुपयांचा विचार करताना हे बाजूला ठेवू नये. माझं मत पंचकडे झुकतं. फक्त शहराजवळ आणि बऱ्या रस्त्यावर फिरणाऱ्याला मी वॅगनआर सांगेन.

सेकंडहँड घेत असाल तर

एवढ्या वापरात दोन-तीन वर्षं जुनी गाडीही शहाणपणाची ठरते. चार गोष्टी मात्र सोडू नका.

१. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर विकत किंवा मागून घ्या आणि मोबाइलला जोडा. त्यात "कोड पुसल्यापासूनचं अंतर" असा आकडा बऱ्याच गाड्यांत दिसतो. विकणारा म्हणाला "कधीच त्रास नाही" आणि आकडा दिसला १२ किमी, तर इंजिनचे एरर काल-परवाच पुसलेत. का, ते विचारा.

२. सीएनजीची नोंद आरसीवर हवी. सिलिंडरवरच्या पट्टीवरची चाचणीची तारीख वाचा. दर तीन वर्षांनी चाचणी लागते.

३. एप्रिल २०२३ नंतरची गाडी असेल तर बरं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल गृहीत धरून तिचे भाग बनवलेत. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ६-७ टक्के घटेल असा अंदाज होता.

४. गाडी उचलून खालून बघा. तारोडी-उत्तनसारख्या समुद्राकाठी खारी हवा पत्रा खाते. दाराच्या खालच्या कडा, सायलेन्सर, सिलिंडरचे ब्रॅकेट टॉर्चने तपासा. वरचा रंग चमकतोय म्हणून फसू नका.

वॉरंटी वर्षांत नाही, किलोमीटरमध्ये वाचा

"३ वर्षं किंवा १ लाख किमी" यातलं जे आधी येईल ते लागू. महिन्याला ३,००० ने लाख किमी ३३ महिन्यांत संपतात. बऱ्याच ईव्ही बॅटऱ्यांची "८ वर्षं किंवा १.६ लाख किमी" ही वॉरंटी साडेचार वर्षांत. हप्ते पाच वर्षांचे असतील तर शेवटचे काही महिने वॉरंटी नसलेल्या गाडीचे हप्ते भरत असाल. त्यामुळे शक्य असेल तर कर्ज चार वर्षांत फेडा, आणि दर १०,००० किमीची सर्व्हिस म्हणजे वर्षाला तीन-चार वेळा, हा खर्च आधीच बाजूला काढा.

शोरूमला जाण्याआधी एका कागदावर चार आकडे लिहा: महिन्याचे किलोमीटर, सर्वात लांब फेरी, त्या रस्त्यावरचे भरवशाचे पंप किंवा चार्जर, आणि भत्ता मिळत असेल तर किलोमीटरमागे किती. हे चार आकडे हातात असले की सेल्समनला सांगायला फार काही उरत नाही.