धर्मांतर आणि गतजीवनाचा त्याग : टिळक दांपत्याच्या संदर्भात

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्माचा स्वीकार ही केवळ उपासनापद्धती बदलण्याची बाब नव्हती. पंगत, पाणवठा, सोयरीक आणि अंत्यसंस्कार हे सारे जातीशी बांधलेले असल्याने, विशेषतः उच्चवर्णीय घरातील बाप्तिस्मा घेणारी व्यक्ती आप्तांच्या लेखी जवळजवळ मृतच ठरत असे. १८५० च्या कायद्याने अशा व्यक्तीचा वारसाहक्क सुरक्षित केला. परंतु स्वयंपाकघरात कायद्याचा प्रवेश नव्हता. ‘जुने जीवन सोडणे’ याचा अर्थ तपासावयाचा झाल्यास तो तेथेच तपासला पाहिजे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात पत्नी लक्ष्मीबाई सहभागी नव्हत्या. जोडीदार धर्मांतरामुळे दुरावल्यास विवाहविच्छेद मागण्याची मुभा धर्मांतरितास देणारा १८६६ चा कायदा अस्तित्वात होता. टिळकांनी त्याचा आश्रय घेतला नाही. ते वाट पाहत राहिले. काही काळ विभक्त राहिल्यानंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. पुढे मात्र जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि सोवळे सुटले. त्यानंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा क्रम लक्षणीय आहे. टिळकांच्या बाबतीत श्रद्धेपायी घर सुटले. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जुना आचार आधी गळून पडला आणि श्रद्धा मागाहून आली. धर्मांतराच्या अभ्यासात बाप्तिस्म्याच्या तारखेला जे महत्त्व दिले जाते, ते त्यामुळे काहीसे अवास्तव वाटते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी हा सारा प्रवास कोणताही आव न आणता, स्वतःवरही हसत सांगितला आहे, प्रचारपर आत्मकथनांत हा गुण क्वचितच आढळतो.

काय सोडले नाही, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, आणि क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत असा आग्रह धरला. टिळकांनी अभंग व कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. वारकरी संतांचे ऋण त्यांना ओझे वाटले नाही. उलट मिशनची चाकोरीच त्यांना जाचू लागली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे कार्य आरंभिले. पहिल्या त्यागात जात गेली होती. या दुसऱ्या त्यागात वेतनाचा आधार गेला, आणि तोही पुन्हा संसारासह.

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपूर्ण होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी.