टेकलंय खरं, पण किती?

साताऱ्याच्या एका वाचकांनी दोन कोटेशनं पाठवली आहेत. मुलीला आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचाय. एक कोटेशन गावातलं, दुसरं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, रॅम तेवढीच; तरी दुसरं साडेनऊ हजारांनी महाग. सगळा फरक एसएमपीएस, मदरबोर्ड, कॅबिनेट आणि ‘असेंब्ली व टेस्टिंग’ या चार ओळींत. ज्या वस्तूंनी वेग तसूभरही वाढत नाही त्यांच्यावर एवढे पैसे का घालावेत, हा त्यांचा सवाल.

सवाल रास्त आहे. उत्तरासाठी मात्र थोडी वाट वाकडी करावी लागेल. धातूला धातू टेकतो तेव्हा नेमकं काय टेकतं, या प्रश्नापाशी जावं लागेल. त्या प्रश्नात हयात घालवलेल्या माणसाचं नाव आपल्याकडे इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्यांच्याही कानावर क्वचितच पडतं, हे मला नेहमी खटकत आलंय.

रॅग्नर होल्म. जन्म १८७९, स्वीडन. कामाची उमेदीची वर्षं बर्लिनला, सीमेन्समध्ये. त्याचे समकालीन अणूचं पोट फाडून बघत होते, तेव्हा हा गृहस्थ स्विचमध्ये एकमेकांना टेकणाऱ्या दोन धातूंकडे बघत बसला होता. विषय इतका क्षुल्लक वाटतो, की त्यावर जाडजूड ग्रंथ होईल असं कुणी म्हटलं तर हसू यावं. होल्मने तो १९४१ साली जर्मनमध्ये लिहिला, पुढे इंग्रजीत पुन्हा पुन्हा नव्याने लिहिला. युद्धानंतर तो अमेरिकेला गेला, आणि १९७०मध्ये वारला. विद्युत संपर्कांवर काम करणारे लोक त्याच्या नावाने आजही परिषद भरवतात. त्या वर्तुळाबाहेर त्याला कोणी ओळखत नाही.

होल्मने दाखवलं ते असं. आरशासारखा घासलेला धातूसुद्धा सूक्ष्म पातळीवर डोंगराळच असतो. दोन पृष्ठं एकमेकांवर ठेवली की काही मोजकी शिखरं तेवढी शिखरांना भिडतात. बाकी सगळी हवा. वीज जाते ती या इवल्या ठिपक्यांमधून, दाटीवाटीने. केंब्रिजच्या फिलिप बाउडन यांनी हीच गोष्ट १९५०च्या सुमारास बीबीसी रेडिओवरून सांगताना स्वित्झर्लंड उलटा करून ऑस्ट्रियावर ठेवला होता. आपण सह्याद्री उचलून सातपुड्यावर पालथा घालू. कळसूबाईचं टोक कुठेतरी टेकेल, साल्हेरचं कुठेतरी; कोयनेचं अख्खं खोरं आणि तापीचं खोरं एकमेकांकडे लांबून बघत राहतील. नकाशावर मात्र दोन पर्वतरांगा एकमेकींवर छान बसलेल्या दिसतील.

आकड्यांत बघू. एक चौरस सेंटिमीटर तांब्यावर तेवढंच तांबं ठेवून वर एक किलोचा भार दिला, तर खरोखर भिडलेलं क्षेत्र येतं साधारण त्याच्या दहा हजाराव्या भागाइतकं. भार दुप्पट केला की हे क्षेत्रही दुप्पट होतं. पृष्ठ मोठं घेतलं म्हणून ते वाढत नाही, वाढतं ते दाबाने. कनेक्टर विकत घेताना आपण खरं तर त्याच्या आतल्या बारीक स्प्रिंगचा दाब विकत घेत असतो. हा दाब वर्षानुवर्षं, तापलेल्या कॅबिनेटमध्ये टिकवायचा तर स्प्रिंगचा मिश्रधातू चांगला लागतो. साधं पितळ उष्णतेत लवकर ढिलावतं, फॉस्फर ब्राँझ जास्त तग धरतं. दोन्ही वरून सारख्याच चकचकीत दिसतात.

(रॅम काढा, खोडरबराने घासा, परत लावा, हा आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांचा हुकमी उपाय होल्मला मनापासून आवडला असता. चकाकत्या पट्ट्यांवर चढलेला मळाचा थर निघतो, शिखरं पुन्हा भिडतात, कॉम्प्युटर उठतो. पण त्या पट्ट्यांवरचं सोनं एका मायक्रॉनहूनही पातळ असतं, त्यामुळे हा उपाय उठसूट करायचा नाही. बऱ्याचदा नुसतं काढून नीट बसवल्यानेच काम भागतं.)

आता २०२२च्या ऑक्टोबरकडे या. एनव्हिडियाने आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं, आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो जगभर फिरू लागले. ६०० वॉटपर्यंतची वीज बारा व्होल्टने न्यायची म्हणजे ५० अँपिअर. घरातला एसी याच्या पाव हिश्श्याहून कमी प्रवाह घेतो. हे ५० अँपिअर कार्डात शिरतात अंगठ्याच्या नखाएवढ्या कनेक्टरमधल्या सहा पिनांतून, प्रत्येकीच्या वाट्याला ८.३. एका पिनेची झेप जेमतेम नऊ-साडेनऊ. त्याआधीच्या आठ पिनांच्या कनेक्टरवर १५० वॉटचीच मर्यादा होती आणि त्यात राखीव ताकद दुपटीच्या आसपास असे. नव्यात ती दहा-पंधरा टक्क्यांवर आली.

नोव्हेंबरमध्ये कंपनीने सांगितलं, तक्रारी पन्नासच्या आसपास आहेत आणि मुख्य कारण कनेक्टर पूर्ण आत न बसवणं हे आहे. ते खोटं नव्हतं. स्वतंत्र परीक्षकांनाही अर्धवट घुसवलेले कनेक्टर तापवून दाखवता आले. पण दोन मिलिमीटरच्या चुकीला क्षमा नसलेला कनेक्टर लाखो घरांत पाठवायचा आणि मग गिऱ्हाइकाच्या अंगठ्याकडे बोट दाखवायचं, ही अर्धीच कबुली झाली. पुढे त्याच कनेक्टरच्या सुधारित आवृत्तीत छोट्या सूचक पिना आखूड केल्या गेल्या. आता कनेक्टर पुरता बसला नसेल तर कार्ड पूर्ण ताकद मागतच नाही. दोष फक्त अंगठ्याचा असता तर पिना कापायची गरज काय होती?

सहा पिनांमधला खरा डाव निराळाच आहे. एखाद्या पिनेचा संपर्क बिघडला तर ती जळेल, असं आपण धरून चालतो. पण सहाही तारा कार्डात शिरल्यावर एकत्र होतात, आणि प्रवाह कमी रोधाच्या वाटेने जास्त जातो. चार पिना खराब टेकल्या असतील तर त्या आराम करतात. नीट टेकलेल्या दोघींवर सगळा बोजा पडतो, आणि जळतात त्या. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने आठऐवजी वीस अँपिअर झाले की ती सहापटीहून जास्त होते. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘डेर बाउअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन तंत्रज्ञाने पुढच्या पिढीच्या आरटीएक्स ५०९० कार्डावर मोजमाप केलं, तेव्हा एका तारेतून २० अँपिअरहून जास्त प्रवाह वाहताना सापडला. कार्डाला याचा पत्ता नव्हता. त्याला मिळणारी एकूण वीज बरोबर होती.

यापुढचं चक्र होल्मच्या ओळखीचं. ठिपका तापतो, धातू मऊ होतो, स्प्रिंग ढिली पडते, दाब घटतो, रोध वाढतो, ठिपका आणखी तापतो. ज्या ठिपक्यापर्यंत कुठलाही थर्मामीटर पोचू शकत नाही त्याचं तापमान कसं कळणार? संपर्काच्या दोन बाजूंमधला व्होल्टेज मोजून! दोघांत पक्कं नातं आहे. तांब्याच्या संपर्कावर ०.१२ व्होल्ट दिसले की आतले ठिपके मऊ पडू लागलेत, ०.४३ दिसले की वितळलेत. साध्या मल्टिमीटरने न दिसणाऱ्या जागेचा ताप मोजायचा, ही युक्ती मला दुर्बिणीने ताऱ्यांची रसायनं ओळखण्याइतकीच सुंदर वाटते.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यातही हीच डोंगराळ भानगड, फक्त विजेच्या जागी उष्णता. मधल्या दऱ्यांतली हवा घालवायला थर्मल पेस्ट लावतात. पेस्ट तांब्यापेक्षा उष्णता फार वाईट वाहते, पण हवेच्या शे-दोनशेपट बरी. म्हणून ती दऱ्या भरण्यापुरतीच हवी. अडीचशे वॉटचा प्रोसेसर आणि दहा चौरस सेंटिमीटरचं झाकण धरलं, तर अर्ध्या दशांश मिलिमीटरचा थर अडीचेक अंशांचा फरक पाडतो. तोच थर पुरणपोळीवरच्या तुपासारखा सढळ हाताने अर्धा मिलिमीटर दिला की पंचवीस अंश. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्यायचे असतात, नाहीतर एक कोपरा उचलला जातो. आणि कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक सोलायला विसरलेले कॉम्प्युटर आजही दुरुस्तीला येतात. प्रोसेसर बिचारा जळत नाही, स्वतःचा वेग कमी करत राहतो. मालकाला वाटतं मशीनच सुमार. वाचकांच्या ‘वेग वाढत नाही’ या मुद्द्याला माझा आक्षेप इथे आहे. पूर्ण किंमत मोजलेल्या प्रोसेसरचा वेग इथेच गळतो.

एसएमपीएसमधल्या कपॅसिटरांबद्दल थोडक्यात. २०००च्या दशकात लाखो मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटले. त्यापायी डेलने २००५मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद केली. चोरलेलं अर्धवट रासायनिक सूत्र वापरल्यामुळे हे झालं, अशी हेरकथा तेव्हापासून सांगितली जाते. कथा झकास आहे, पुरावा तेवढा झकास नाही. आपल्या कामाचा नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. १०५ अंशांना दोन हजार तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना बत्तीस हजार तास चालेल. हवा खेळवणारं कॅबिनेट इथे आपली किंमत वसूल करतं. काचेआडचे रंगीबेरंगी दिवे यात काहीच करत नाहीत.

तेव्हा साताऱ्याच्या वाचकांनी महाग कोटेशन जसंच्या तसं मान्य करू नये. दिव्यांचे पैसे वजा करायला लावावेत. एसएमपीएसचं नुसतं वॉटेज न बघता मेक, मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं लिहून घ्यावीत. ‘टेस्टिंग’ म्हणजे नुसतं विंडोज उघडून दाखवणं नव्हे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण भाराखाली तासभर चालवून तापमान दाखवायला सांगावं. मोठी कार्डं दोन किलोंच्या आसपास भरतात आणि खंबाटकीच्या घाटात त्यांचं सगळं वजन एका खाचेवर हिंदकळतं, म्हणून कॅबिनेट गाडीत आडवं ठेवावं, मदरबोर्ड खाली येईल असं. घरी पोचल्यावर प्लग लावायच्या आधी बाजूचं झाकण उघडून ग्राफिक्स कार्डचा कनेक्टर एकदा अंगठ्याने दाबून बघावा. आत सरकला, तर दुकानदाराला फोन करून ‘असेंब्ली’चे पैसे परत मागायला हरकत नाही.