खाऱ्या वाऱ्यातली दुर्बीण

मालवणात दुर्बिणीचं खोकं सकाळी उघडावं. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा तेव्हा चालू असतो. दुपारी वारा उलटला की दमट, खारी हवा घरात शिरते, आणि आरशावरचा ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा ती हळूहळू खाते. म्हणून मी आधी खिडक्या लावून घेतो. आरशावर धूळ दिसली तरी कापड लावायचं नाही. रबरी फुंकणीने हवा मारायची, बस्स. सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवायच्या, पावसाळ्यात त्यांचंच राज्य.

खोकं घाटातून येताना बसलेल्या धक्क्यांनी आरसा सहसा फुटत नाही, पण जागेवरून सरकतो. त्याच्या मागचे तीन स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, डोळा नळीच्या भोकाशी ठेवून, आरशाच्या मधोमध चिकटवलेली कडी छोट्या आरशाच्या प्रतिबिंबाशी जुळवायची. एक स्क्रू नीट झाला की दुसरा बिघडलेला असतो. खरी परीक्षा रात्री. ताऱ्याचं प्रतिबिंब मुद्दाम थोडं धूसर करायचं. कड्यांच्या बरोबर मध्यभागी काळी सावली दिसली तर आरसे जुळले. हे काम मला ग्रह पाहण्याइतकंच प्रिय आहे.

याच किनाऱ्यावर, विजयदुर्गात, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकयर लंडनहून वर्णपटाचे कॅमेरे घेऊन आले होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्यासाठी ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी घेऊन यंत्रं मांडली, तालमी केल्या. लंडनमध्ये ध्रुव क्षितिजापासून साडेएक्कावन्न अंश वर असतो, विजयदुर्गात जेमतेम साडेसोळा. म्हणजे तिकडे ताऱ्यांमागे फिरण्यासाठी बसवलेल्या यंत्राचा अक्ष इथे पस्तीस अंश खाली आणावा लागतो. यंत्र कितीही उत्तम कारागिराने घडवलेलं असो, ते जिथे वापरायचं तिथल्या आभाळाशी नव्याने जुळवावंच लागतं.

नवी दुर्बीण घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: खोकं आणि फोम रद्दीत देऊ नका. आपल्या हवेत आरशाला कधी ना कधी पुन्हा मुलामा द्यावा लागतो, आणि तेव्हा तो ज्या फोममधून आला त्यातूनच सुखरूप परत जातो.