फिरत आलेलं – भाग 6 : लोणारचं पाणी

2020 च्या जूनमध्ये मेहकरच्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. खाली एकच ओळ : ‘पाह्य भाऊ, लोनारचं पानी गुलाबी झालं!’ मी बघताक्षणी उत्तर ठोकलं, ‘फिल्टर लावलाय.’

माझा उद्धटपणा अगदीच बिनबुडाचा नव्हता. मार्चमध्ये व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याचा व्हिडिओ मीच चार जणांना पाठवला होता. डॉल्फिन खरे निघाले, पण ते सार्डिनिया बेटावरच्या बंदरातले! एकदा असं हसं झालं की माणूस पुढची खरी गोष्टही खोटी ठरवून मोकळा होतो. लोणारचा फोटो खराच होता. नासाने लँडसॅट 8 उपग्रहाची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली : 25 मेला सरोवर हिरवं, 10 जूनला गुलाबी.

गडबड होती ती फोटोखालच्या मजकुरात. आमच्या ग्रुपवर तासाभरात तीन कारणं जमली. उल्केतलं लोखंड गंजलं. माणूस घरात बसला म्हणून निसर्ग खुलला. आणि हे लवणासुराचं रक्त आहे. मला विचाराल तर तिसरं त्यातल्या त्यात बरं, कारण ते निदान तिथलं आहे. विष्णूने लवणासुराला इथेच मारलं अशी कथा आहे आणि दैत्यसूदनाचं देऊळ लोणार गावात उभं आहे. शिवाय कथेने असुराच्या नावातच ‘लवण’ ठेवलंय, आणि उत्तर तिथेच होतं.

लोणार म्हणजे उल्केच्या आघाताने काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. पाणी आत उतरतं, बाहेर जायला ओढा नाही. ऊन पाणी नेतं, खार तळाशी ठेवतं. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त इथल्या साबण आणि काचेच्या कच्च्या मालाची नोंद केली, ती या खारामुळेच. हे पाणी इतकं अल्कधर्मी की चिमूटभर हळद त्यात कालवली तर ती लाल होते. हळदीत खार घालून कुंकू करायची आपली जुनी रीत, तिच्यामागेही हेच रसायन.

पण जूनमधला गुलाबी रंग असा रसायनाचा नव्हता. वनविभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. पुण्यात एक साधी गोष्ट दिसली. नमुना काही दिवस न हलवता ठेवला, तर गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वर नितळ, बिनरंगी पाणी उरलं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तो जिवांच्या अंगावर होता. हे ‘हॅलोआर्किया’, खारट पाण्यात फोफावणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा चढला, त्यांची संख्या बेसुमार वाढली. त्यांच्या अंगातलं गुलाबी रंगद्रव्य त्यांना कडक उन्हापासून वाचवतं. कोकणपट्टीत मिठागरं पाहिलेल्यांना यात नवल वाटायचं नाही. वाफ्यातलं पाणी दाट होत आलं की तिथेही अशी तांबूस झाक चढते. इराणचं उर्मिया सरोवरही असंच लाल होतं.

पावसाचं पाणी मिसळलं, खारटपणा उतरला आणि रंगही ओसरला. त्याच नोव्हेंबरात लोणारला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. ती बातमी आमच्या ग्रुपवर कोणी टाकली नाही. मामेभावाने मात्र दिवाळीत पुन्हा एक फोटो पाठवला, हिरव्या पाण्याचा. खाली ओळ : ‘फिल्टर काहाडला.’

(पुढच्या आठवड्यात : जानेवारी 2025, शेगाव तालुका. आठवड्याभरात टक्कल पडल्याचे फोटो आणि संशयाच्या भोवऱ्यात सापडलेला रेशनचा गहू.)