दुपारच्या प्रुफांसाठी काही गाणी

मी कविता लिहितो, पण माझं घर चालतं ते मुद्रितशोधनावर. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाशी भांडायचं. दोन वर्षांपूर्वी अशी वेळ आली, की तीननंतर अक्षरं डोळ्यांपुढून नुसती वाहून जायची. एका पुस्तकात अख्खा परिच्छेद दोनदा छापला गेला आणि ते पान मी 'तपासलेलं' होतं! घरी गेल्यावर स्वतःची एक ओळ लिहायलाही हात उठत नसे.

कानात गाणी लावून पाहिली. पण गझल लागली की संपलंच. शब्द कळतात, मग मन त्या शब्दांचीच प्रुफं तपासू लागतं. मला हवी होती जिवंत गाणी, पण डोळ्यांशी स्पर्धा न करणारी. ती मिळाली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या सोल आणि फंक संगीतात. तिथले निम्मे शब्द मला कळत नाहीत, हा फायदाच.

सोल म्हणजे चर्चमधल्या गॉस्पेल गायनाची आर्तता प्रेमगीतात आणणं. रे चार्ल्सनं १९५४ मध्ये तसं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा भाविक मंडळी रागावली. आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्गही सिनेमातल्या कव्वालीवर असेच कुरकुरत.

सकाळ मी डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीला दिली आहे. बेरी गॉर्डी मोटार कारखान्यात काम करायचा. १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्यानं कंपनी काढली आणि कारखान्यासारखीच गाणी पारखून बाहेर सोडली. ताजंतवानं, नेटकं संगीत. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ जुन्या चित्रपटगृहात होता, तिथली जमीन उतरतीच राहिली. तिथलं 'ग्रीन अनियन्स' (१९६२) हे बिनशब्दांचं वादन तर मुद्रितशोधकासाठीच जन्मलंय. वाजवणारे दोन काळे, दोन गोरे, तेही वर्णभेदाच्या शहरात. ओटिस रेडिंग मात्र मी यादीतून काढला. तो गाऊ लागला की पेन्सिल थांबते.

खरी परीक्षा जेवणानंतरची. तिथे जेम्स ब्राउनच लागतो. सोलमध्ये टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ब्राउननं भार पहिल्या मात्रेवर आणला. आपण सम म्हणतो, तशीच काहीशी ही जागा. वादक वाटेल तिकडे भटकोत, पहिल्या ठोक्यावर सगळे एकत्र. गिटार, बास, ट्रम्पेट, सगळ्यांकडून तो ढोलासारखं काम करून घेतो. सूर फारसा हलत नाही, हलतं ते सगळं लयीत. १९६७ चं 'कोल्ड स्वेट' ऐका, म्हणजे कळेल. पुढे काय होणार याची उत्सुकता मनाला उरत नाही आणि शरीर मात्र जागं राहतं. ओळ संपते, सम येते, डोळा पुढच्या ओळीवर जातो. जात्यावर बसलेल्या बायांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, बीबीसीनं कारखान्यांतल्या कामगारांसाठी खास संगीताचा कार्यक्रम सुरू केला, तोही याच हिशेबानं.

पाच वाजता बिल विदर्स. हा माझा माणूस. विमानातली शौचकूपं बनवण्याच्या कारखान्यात तो नोकरी करत होता. १९७१ च्या पहिल्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर तो हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे. गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही म्हणून त्यानं नोकरी लगेच सोडली नव्हती. त्या रेकॉर्डचा निर्माता 'ग्रीन अनियन्स'वालाच, बुकर टी. जोन्स. त्यातल्या 'एन्ट नो सनशाइन'मध्ये विदर्स दोन छोटे शब्द सव्वीस वेळा म्हणतो. तिथे नंतर नवे शब्द लिहायचे असं त्याच्या मनात होतं. सोबतचे वादक म्हणाले, राहू दे असंच.

ते ऐकून मी घरी गेलो आणि अर्धवट सोडलेली एक जुनी कविता काढली. तिच्या मधल्या कडव्याची जागा दोन वर्षं रिकामी होती, शब्द सुचत नव्हते म्हणून. ती तशीच ठेवून मी शेवटचं कडवं लिहिलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा मोटाउन.