चष्म्याच्या दुकानात आयुष्मान कार्ड का चालत नाही? मग जायचं कुठे?

माझ्या वर्गातली एक मुलगी फळ्यावरचं वाचायला जागेवरून उठून पुढे यायची. हुशार, पण गणितात तीनाचा आठ व्हायचा. तिच्या अब्बूंना बोलावलं. ते पावरलूमवर कामाला. दुसऱ्या दिवशी पाळी बुडवून, आयुष्मान कार्ड घेऊन मुलीसह चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "हे इथे चालत नाही." मजुरी गेली, चष्माही नाही. मला विचारतात, "सर, कार्ड फर्जी है क्या?"

कार्ड खरंच होतं. जागा चुकली होती.

कार्ड कशासाठी?
आयुष्मान भारत आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. पण योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया-उपचारांसाठीच. दुकानात नंबर काढणं आणि चष्मा घेणं त्यात बसत नाही. आणखी एक गोंधळ: 'आभा' कार्ड म्हणजे विमा नव्हे. ती फक्त आरोग्याच्या नोंदींचा नंबर आहे.

चष्म्यासाठी कुठे?
सरळ ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. तिथे डोळ्यांची तपासणी नेत्र चिकित्सा अधिकारी करतात. ते रोज असतीलच असं नाही, म्हणून वार आधी विचारून घ्या, नाहीतर पुन्हा एक मजुरी जाईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी मोफत आहे, कार्ड नसलं तरी.

मूल शाळेत असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांची तपासणी करतं. दृष्टिदोष असलेल्या गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मा देण्याची तरतूद अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. पथक येईल तेव्हा मुलाला घरी ठेवू नका.

कारखान्यात पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर आधी ईएसआय दवाखान्यात जा. तिथून पुढची चिठ्ठी मिळते.

ऑपरेशन सांगितलं तर?
दादी-नानीचा मोतीबिंदू असेल तर आधी जिल्हा रुग्णालयात विचारा, तिथे ऑपरेशन मोफत होतं. खासगी रुग्णालयात जायचंच असेल तर 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते बघा आणि पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे ऑपरेशन योजनेत आहे का? ते या रुग्णालयात होतं का? फोनवर माहिती हवी असेल तर १५५३८८ किंवा १४५५५. वय ७० किंवा जास्त असेल तर उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं.

कागद आधी जुळवा
आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. आपल्याकडे नावांचा घोळ फार. एकीकडे 'मोहम्मद', दुसरीकडे 'मो.', 'शेख' कुठे पुढे, कुठे मागे. आजारपणात ही धावपळ नको, आत्ताच दुरुस्त करून घ्या.

ती मुलगी नंतर ग्रामीण रुग्णालयात गेली, नंबर निघाला, चष्मा मिळाला. आता ती तिसऱ्या बाकावरून लिहून घेते. पण मधले चार महिने वाया गेले. तुमचं मूल वही नाकाजवळ धरत असेल, डोळे बारीक करून टीव्ही बघत असेल, तर 'मोठं झाल्यावर बघू' म्हणू नका. याच आठवड्यात तपासून घ्या.