भंगारातील मागील हाऊसिंग : पारख आणि दुरुस्ती

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने स्मरणिकेत मोटारीच्या यंत्राविषयी लेख लिहावा, हे पुष्कळ सभासद बंधूंस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; यंत्रशास्त्राचे पुस्तकी ज्ञान आम्हांस नाही. तथापि आपल्यापैकी अनेकांच्या वखारीच्या मागे एखादी जुनी जीप अद्याप उभी आहे आणि पावसाळ्यात तिच्यावाचून आपले चालत नाही, हे आम्ही जाणतो. त्या जीपेसाठी भंगारातून मागील हाऊसिंग घेण्याच्या कामी आम्ही एकदा फसलो व दुसऱ्या वेळी फसलो नाही. या दोन वेळांच्या मध्ये जे शिकलो, ते येथे सांगावयाचे आहे.

आषाढ-श्रावणात भाव चढला म्हणजे शेतकरी कणगीतले भात बाहेर काढतो. त्याच वेळी येळ्ळूर, वडगाव, शहापूर या बाजूचे काळे शिवार लोण्यासारखे मऊ झालेले असते आणि बळ्ळारी नाला फुगला की नाल्याकाठच्या वाटा दिसेनाशा होतात. अशा वाटेवर जीपेचे मागचे एक चाक चिखलात गरगर फिरते, दुसरे कोरड्या बांधावर स्वस्थ बसून राहते, आणि गाडी तसूभर हलत नाही. एका वर्षी ट्रेलरमध्ये भाताची बारा पोती असताना आम्ही अशा स्थितीत सायंकाळपर्यंत पावसात अडकलो. भात भिजले. बैलांच्या दोन जोड्या लावून गाडी बाहेर काढली, परंतु त्या मालास पुढे जो भाव आला तो येथे सांगण्याजोगा नाही.

यात चिखलाचा दोष अर्धा, डिफरन्शियलचा अर्धा. वळणावर बाहेरचे चाक अधिक व आतले कमी अंतर चालते, म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देण्यासाठी मधोमध दात्यांच्या चाकांची ही योजना असते. ती तराजूच्या दांडीसारखी आहे. दोन्ही बाजूंस ती समान जोर देते, आणि हलक्या पारड्यास जेवढे पेलवेल तेवढेच दुसऱ्यासही मिळते. चिखलातल्या चाकास काहीच जोर लागत नाही. मग बांधावरच्या चाकासही काहीच मिळत नाही. पुढच्या चाकांचा गिअर टाकला तरी पुढेही तोच प्रकार घडू शकतो.

यावरील तोड म्हणजे 'लिमिटेड स्लिप', अर्थात घसरणीस मर्यादा घालणारा डिफरन्शियल. अमेरिकेतील डाना कारखान्याने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'पॉवर-लॉक' नावाने तो बाजारात आणला आणि विलीज जीपेसही तो जादा रक्कम देऊन मिळत असे. त्यात दोन्ही बाजूंस पातळ पोलादी चकत्यांची चवड असते. एक चकती शाफ्टच्या गिअरबरोबर फिरते, पुढची डब्याबरोबर, पुन्हा एक गिअरबरोबर, या क्रमाने. एक चाक एकटेच पळू लागले की या चकत्या परस्परांवर घासून त्याला अडवतात आणि तेवढा जोर दुसऱ्या चाकास पोचतो. पॉवर-लॉकमध्ये स्टार पिनियनचे दांडे उतरत्या खाचांत बसवलेले असतात. इंजिनाचा जोर वाढला की दांडे खाचेत चढतात आणि चकत्या अधिक घट्ट आवळल्या जातात. आमच्या पाहण्यात आलेल्या येथील जीपांत मात्र साधाच डिफरन्शियल होता. म्हणूनच ज्याला त्याला भंगाराची वाट धरावी लागते.

आम्हीही ती धरली. एका दुकानी 'लॉकवाले हाऊसिंग' म्हणून एक नग दाखवण्यात आला. दुकानदाराने एका बाजूचे चाक हाताने फिरवले, तर दुसऱ्या बाजूचेही त्याच दिशेने फिरले. साध्या डिफरन्शियलमध्ये ते उलट फिरते, एवढे आम्ही ऐकून होतो. झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची चिठ्ठीही होती. आम्ही पैसे मोजून नग उद्यमबागेतील आमच्या मेस्त्रींकडे आणला. त्यांनी झाकण काढले, आत बोट फिरवले आणि म्हणाले, "शेट, हे लॉक न्हवं. स्टार पिनियनला वेल्डिंग मारलंय कुणीतरी." वेल्डिंगने दोन्ही शाफ्ट कायमचे एक झाले होते. अशी गाडी शिवारात चालेल, पण डांबरी वळणावर टायर खरवडील आणि एखाद्या दिवशी शाफ्ट मोडील. चाळीस वर्षे ज्याने पोत्याच्या तळची वानगी काढल्यावाचून भाव बोलला नाही, त्याने वरची मूठ पाहून हा माल घेतला, याचे वैषम्य आम्हांस फार वाटले.

हाताने चाक फिरवण्याची परीक्षा किती फसवी आहे हे नंतर पुरते उमगले. वेल्डिंग मारलेला नग उत्तम लिमिटेड स्लिपसारखा वागतो. उलट, अस्सल लिमिटेड स्लिपच्या चकत्या झिजल्या असतील तर तो साध्यासारखा वागतो आणि भंगारवाला तो साध्याच्या भावात देऊन टाकतो. तिसरा प्रकार आजकालचा. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या महिंद्र थारच्या काही प्रकारांत मागे ईटन कंपनीचे आपोआप लागणारे लॉक आहे. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की त्यातील लहान वजने फाकतात आणि लॉक लागते. हाताने सावकाश फिरवल्यास ते कधीच लागणार नाही. अपघातातील थारचे असे हाऊसिंग कोणी 'साधे' म्हणून विकत असेल तर तो बिचारा अज्ञानाने विकत असतो!

सबब पहिला नियम असा की झाकण काढून पाहिल्यावाचून सौदा करू नये. डाना ४४ जातीचे, म्हणजे सीजे-३बी जीपेच्या मागे असते ते हाऊसिंग, झाकणाच्या दहा बोल्टांवरून व ओतकामावरील ४४ या आकड्यावरून ओळखता येते. आत साधा डिफरन्शियल असेल तर डबा अखंड ओतलेला आणि एका दांड्यावर दोन स्टार पिनियन दिसतील. पॉवर-लॉकचा डबा दोन अर्धुकांचा असून ती बोल्टांनी जोडलेली असतात, दांडे दोन आणि पिनियन चार. डब्याच्या खाचांत चकत्यांचे कान डोकावताना दिसतात. ईटनच्या डब्याच्या खिडकीत वजनांचा लहानसा दांडा दिसतो. वेल्डिंगचे डाग तर आंधळ्यालाही बोटाने कळतील. पत्र्याच्या चिठ्ठीवर मात्र विसंबू नये. ती एका बोल्टने लागते, आणि एका बोल्टने निघते.

दुसरी गोष्ट दात्यांची. सीजे-३बीच्या क्राऊनला ४३ व पिनियनला ८ दाते असतात, म्हणजे प्रमाण ५.३८ चे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपेचे प्रमाण ३९ ला ८, म्हणजे ४.८८. झाकण काढलेले असल्यास दाते मोजावेत. गाडीखालीच पाहावयाचे झाल्यास दोन्ही चाके खडूची खूण करून बरोबरीने आठ फेऱ्या फिरवावीत आणि प्रोपेलर शाफ्ट ४३ वेळा फिरतो की ३९ वेळा, ते मोजावे. मागचे हाऊसिंग ३९ चे व पुढचे ४३ चे असेल, तर चारही चाकांचा गिअर टाकताच पुढची व मागची चाके सुमारे दहा टक्के निरनिराळ्या गतीने फिरू पाहतील. चिखलात ते खपेल, पण घट्ट जमिनीवर ट्रान्सफर केसच्या गिअरवर तो ताण बसून शेवटी तीच फुटेल.

तिसरी गोष्ट शाफ्टच्या खाचांची. डाना ४४ मध्ये सर्वांत जुन्या शाफ्टना १०, त्यानंतरच्यांना १९ आणि पुढच्यांना ३० खाचा आहेत. डब्यातील गिअर व आपला शाफ्ट यांची संख्या एकच हवी.

दुसऱ्या खेपेस आम्हांस जो नग मिळाला तो एका जुन्या परदेशी गाडीचा होता. चाक उलट फिरत होते, म्हणून दुकानदाराने तो साधा ठरवला होता. आत पॉवर-लॉक होते. दाते आमच्या गाडीशी जुळत नव्हते. खाचा मात्र १९ च निघाल्या. म्हणून सबंध हाऊसिंग न बदलता केवळ डबा आमच्या हाऊसिंगमध्ये बसवावा, आणि क्राऊन-पिनियन आमचेच ४३ ला ८ ठेवावेत, असे ठरले. येथे एक मेख आहे. डाना ४४ चे डबे दोन उंचींचे असतात, ३.७३ व त्याखालील प्रमाणांसाठी एक आणि ३.९२ व त्यावरील प्रमाणांसाठी दुसरा. आमचा सुदैवाने दुसरा होता. मूळ हाऊसिंग कायम राहिल्याने गाडीच्या मूळ रचनेत बदल केल्याचा प्रश्न उभा राहण्याचे भयही कमी झाले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम या बाबतीत कडक आहे, ते सभासदांनी जाणकाराकडून समजून घ्यावे. भंगाराची पावती जपून ठेवावी, हे व्यापाऱ्यास सांगणे नलगे.

दुरुस्तीस आठ दिवस लागले, त्यांतील दोन दिवस हब काढण्यातच गेले. जुन्या जीपेचा हब निमुळत्या शाफ्टवर चावीने आवळलेला असतो. तो पुलरनेच काढावा, घणाने नव्हे. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी खूण पंचाने ठोकावी, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. डब्याच्या दोन अर्धुकांवरही तशीच खूण हवी. शिम निघतील तसतशा त्या निरनिराळ्या कागदांत बांधून वर लिहून ठेवाव्यात. आमच्या मेस्त्रींना हा आमचा वहीखात्याचा शिरस्ता प्रथम हास्यास्पद वाटला. जोडणीच्या दिवशी वाटला नाही.

डबा डिझेलने धुतल्यावर चकत्या पाहिल्या. काही जळून निळ्या पडल्या होत्या व एकीचा कान तुटला होता. अशा वेळी वाईट तेवढ्या बदलण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. दोन्ही बाजूंचा संच एकदम बदलावा आणि निघालेल्या क्रमानेच बसवावा. दांड्यांच्या उतरत्या खाचा व डब्यातील कानांच्या खाचा यांत बोटाला खड्डा लागला, तर तो डबाच निकामी समजावा. आमचा त्यातून वाचला. नव्या चकत्या बसवण्यापूर्वी तेलात भिजवून ठेवल्या.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, म्हणून ती जोडी मोडावयाची नसते. बसवल्यावर दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवावे. शेंदूर दात्याच्या मधोमध पुसला गेला पाहिजे. कडेला पुसला गेल्यास शिम बदलून पुन्हा फिरवावे. आमच्याकडे हे पाच वेळा झाले. दोन दात्यांमधील मोकळीक डायल गेजने मोजून कारखान्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. हाताच्या अंदाजाने ठेवलेली मोकळीक महिन्याभरात गुणगुणू लागते.

आता जोराची परीक्षा. एक चाक जमिनीवर, दुसरे जॅकवर, गिअर न्यूट्रलमध्ये. जुन्या जीपेचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील ड्रमवर असतो, म्हणून परीक्षेत तो सोडून ठेवावा आणि इतर चाकांना दगड लावावेत. उचललेल्या चाकाच्या बोल्टांवर पट्टी बसवून तिला मध्यापासून चार फूट लांबीचा पाइप जोडावा व टोकाला लटकता काटा अडकवून ओढावे. जीपेच्या पुढील काळातील ट्रॅक-लॉक पद्धतीसाठी पुस्तिकेत ३० फूट-पौंडांहून कमी किंवा २०० हून अधिक जोर लागल्यास दुरुस्ती करावी असे आहे. चार फुटांच्या पाइपावर हे सुमारे ३.४ किलो व २२.७ किलो होतात. पॉवर-लॉकला हे माप काटेकोर लागू नव्हे, परंतु अंदाजास उपयोगी आहे. आमचा काटा दुरुस्तीपूर्वी दोन किलोही दाखवत नव्हता. नंतर अकरा दाखवू लागला. हीच परीक्षा दुकानातही होते. एक हब पक्का बांधून, पिनियन मोकळा ठेवून दुसरा हब ओढावा. पाइपावर माणूस लोंबकळला तरी हलत नसेल, तर वेल्डिंग किंवा गंज!

तेल ९० नंबरचे हायपॉइड गिअर ऑइल घालावे व त्यात लिमिटेड स्लिपसाठी मिळणारे घर्षण-नियामक द्रव्य पुस्तिकेतील मापाने मिसळावे. ते न घातल्यास वळताना मागून कडकड आवाज येतो आणि चकत्या लवकर जळतात. भरल्यानंतर मोकळ्या मैदानात आठ आकड्याच्या सावकाश फेऱ्या घालाव्यात, म्हणजे तेल चकत्यांत शिरते.

एक गोष्ट बजावून सांगतो. असे हाऊसिंग असलेल्या गाडीचे एकच मागचे चाक उचलून, इंजिन चालू ठेवून, गिअर कधीही टाकू नये. जमिनीवरचे चाक ओढ घेईल आणि गाडी जॅकवरून उडी मारील.

गेल्या आषाढात त्याच नाल्याकाठच्या वाटेवरून आम्ही चौदा पोती आणली. एका जागी एक चाक पूर्ण अधांतरी झाले व गाडी थबकली, कारण ज्या चाकास जमिनीचा स्पर्शच नाही त्यास अडवण्यापुरतीच चकत्यांची ताकद असते. पायब्रेक किंचित दाबून ठेवला, पळत्या चाकास थोडा अडसर झाला, आणि गाडी बाहेर आली. येळ्ळूरगडाच्या ओल्या आडव्या उतारावर मात्र उलटा अनुभव आला. दोन्ही चाके एकदम घसरल्याने गाडीचे बूड खालच्या बाजूस सरकले. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक तरी जागा धरून राहिले असते. त्या वाटेने आम्ही आता पाऊस उघडल्यावरच जातो.